गंजाच्या बदल्यात गेलेले आकडे

भांडेवालीशी घासाघीस करून अनुसयाबाई कधी हरल्या, असं लकडगंजात कोणी पाहिलं नव्हतं. उमरेडच्या विणकराची ही लेक. लहानपणी सुताच्या कांड्या भरून भरून बोटं अशी तयार झाली, की सासरी सरगुंडे करायला बसली की काडीवर कणकेची दोरी सरसर गुंडाळायची आणि बाकीच्या बाया बघत राहायच्या. सून प्रणालीने एकदा त्याचा व्हिडिओ काढला. मग त्यांचं चॅनेलच निघालं, आणि साठीला आलेल्या अनुसयाबाईंना हजारो अनोळखी बाया 'मावशी' म्हणू लागल्या.

मध्यंतरी शेजारच्या सिंधूताईंचं खातं चोराने पळवलं आणि त्यांच्या नावाने साऱ्या नातेवाइकांना लॉटरीचे मेसेज धाडले. त्या धसक्याने प्रणालीने सासूच्या फोनमध्ये एक ॲप घातलं. आता नुसत्या पासवर्डने भागत नव्हतं. त्या ॲपमधले सहा आकडेही द्यावे लागत, आणि ते दर अर्ध्या मिनिटाला बदलत. अनुसयाबाईंना हे फार पटलं.

"तव्यावरच्या पोळीवानी हाय. गरम हाय तवरच वाढाचं."

"आई, फोन हरवला तर म्हणून राखीव आकडे लिहून ठेवा," प्रणाली म्हणाली होती.

"लिहिलं का घरभर होते. नाई लिहीत मी."

मे महिन्यात मुलाने, भूपेशने, नवा फोन आणून दिला. रविवारी संध्याकाळी पाचला लाइव्ह ठरलं होतं, आंब्याच्या रसासोबत सरगुंडे. मावशी महिनाभर सांगत होत्या. दुपारी प्रणाली नव्या फोनवर चॅनेल उघडायला बसली.

"आता आकडे सांगा, आई. जुना फोन कोठी हाय?"

अनुसयाबाईंनी ओट्याकडे पाहिलं. तिथे मोठा, नवाकोरा गंज, म्हणजे खोल पातेलं, चकाकत होता. सरगुंडे वाफवायला हवा म्हणून सकाळीच प्रयागबाई भांडेवालीकडून घेतलेला. बदल्यात नवऱ्याच्या, नत्थूजींच्या, दोन पँटी आणि काच तडकलेला जुना फोन.

"सिम त मी काढून घेतलं ना वं. सारं इकडं आलं असन."

"ॲप फोनात राहते, सिममध्ये नाई."

नत्थूजी बाजेवरून म्हणाले, "म्हंजे कुलूप घरी अन् चाबी भांडेवालीच्या टोपल्यात!"

"तुमी चूप बसा जी. तुमच्या पँटी गेल्या ते नाई कळलं अजून."

नत्थूजी उठूनच बसले.

प्रणाली स्कूटी घेऊन धावली. प्रयागबाई चौकातल्या सावलीत बसे आणि उन्हं उतरली की जुने फोन दुकानदाराला देऊन टाके. पण प्रणाली हात हलवत परत आली.

"देतच नाई ते! म्हनते, गंज आन अन् सासूले बी आन. नुसता गंज चालत नाई, नुसती सासू बी चालत नाई."

अनुसयाबाई गंज मांडीवर घेऊन स्कूटीवर मागे बसल्या. प्रयागबाईने आधी गंज उलटापालटा करून पाहिला, मग अनुसयाबाईंचं तोंड निरखलं.

"रागावू नोको, बाई. मागं एकीची सून साडी परत घेऊन गेली, अन् सासू भांडाले आली, माही साडी कोठी हाय म्हनून. तवापासून दोनी पाहूनच माल देतो मी."

"बरोबर करतं वं बाई! माह्या ॲपचं बी असंच हाय."

फोनमध्ये जेमतेम चार्ज उरला होता. सिम नाही, नेट नाही, तरी तडकलेल्या काचेखाली आकडे आपले बदलत होते. अनुसयाबाईंनी पदराचा आडोसा करून ते नव्या फोनात टाकले. चॅनेल उघडलं तशी त्यांनी भर चौकात टाळी वाजवली. मग एकदम चेहरा उतरला.

"फोन त भेटला. पन गंज तुले वापस दिला, त सरगुंडे कायच्यात वाफवू?"

"काहून वापस? फोनाच्या जागी दुसरं काही दे."

"चाल मंग घरी. रस बी खाजो."

पाचच्या ठोक्याला लाइव्ह सुरू झालं. गंजातून वाफ निघत होती. मावशींच्या शेजारी बसून प्रयागबाईही काडीवर कणीक गुंडाळत होती, जरा जाड, पण झोकात. बाया मनापासून बदाम पाठवत होत्या. मात्र सगळ्यात जास्त हसू आलं ते मागच्या अंगणाकडे पाहून. तिथे नत्थूजी दोरीवरची एकेक पँट काढून काखेत मारत होते.