बर्फाचा सिनेमा आणि काशिनाथबाब

काशिनाथबाब सिनेमा दाखवायचा आणि स्वतः मात्र टीव्हीकडे पाठ फिरवून बसायचा. डिचोलीजवळच्या आमच्या गावात त्याच्या पडवीत दर रविवारी दुपारी व्हिडिओ लागे. इंग्रजी कोणाला कळत नसे, म्हणून तो आमच्याकडे तोंड करून गोष्ट सांगे. गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि भाषेवरून घराघरांत भांडणं होती. हा शहाणा माणूस एक वाक्य मराठीत घ्यायचा, दुसरं कोंकणीत, म्हणजे रागानं कोणी उठून जायला नको.

भित्रा तर असा, की नवा सिनेमा आधी बायकोला दारात उभं करून बघायचा, एकदाच, आणि ध्यानात ठेवायचा. "म्हाका भंय दिसता," असं चारचौघांत बिनदिक्कत सांगायचा. "भंय दिसता म्हणपाक लज कसली?" मी शाळेत शिकवायचे. घाबरले तरी कपाळावर आठी आणून बसायचे. त्याचा हा मोकळेपणा मला कधी जमला नाही.

त्या रविवारी बर्फाचा सिनेमा होता. नजर पोचेल तिथवर पांढरं रान, एक माणूस बेपत्ता, त्याला शोधणारा एकटा पोलीस, आणि नुसता वारा. बर्फ आम्ही कोणी पाहिलेला नव्हता, तरी अंगावर काटा आला. माणूस हरवणं म्हणजे काय, ते त्या आठवड्यात गावाला कळलं होतं. सावित्रीचा नवरा रामा गुरुवारी काजूच्या डोंगरावर गेला तो परतलाच नव्हता.

आमची रीत अशी, की डोंगरावरून माणूस परतला नाही तर आधी राखणदाराला, म्हणजे डोंगराच्या रक्षक देवाला, गाऱ्हाणं घालायचं, मगच वर पाऊल टाकायचं. गाऱ्हाण्याचा मान एका म्हाताऱ्या गावकराचा, आणि तो उत्सवाला फोंड्याला गेलेला. त्याला निरोप धाडून गाव हातावर हात ठेवून बसला होता. आणि आम्ही, सांगायला लाज वाटते, सिनेमा बघत होतो.

सावित्री कधी दाराशी येऊन उभी राहिली, कळलं नाही. शेवटी पोलिसाला बर्फात तो माणूस सापडतो, निळा पडलेला, डोळे उघडे. काशिनाथबाबाचं तोंड तिच्याकडे होतं. तो अडखळला. मग म्हणाला, "जिवंत आहे. श्वास चालू आहे. वेळेर पावले." समोर तर प्रेत दिसत होतं.

"काशिनाथबाब, म्हाकाय दोळे आसात," सावित्री म्हणाली. "फट, खोटें सांगूं नाकात. तुमी डोंगरार येतात?"

बाहेर माडांच्या शेंड्यांवर अजून ऊन होतं. त्याला दरदरून घाम फुटला. "येतां," तो म्हणाला. "पूण फाल्यां सकाळीं. आतां काळोख जातलो." उद्या सकाळी, आता काळोख होईल, म्हणे.

मग ती माझ्याकडे वळली. "बाई, तुमी?" मुलांच्या परीक्षा आहेत, असं मी म्हणाले. कसल्या परीक्षा, मी घाबरले होते.

सोमवारी ते दोघंच गेले. डोंगराच्या पायथ्याशी त्यानं मान नसताना स्वतःच गाऱ्हाणं घातलं, हे सावित्रीनं मागाहून सांगितलं. तो म्हणाला होता, "म्हाराजा, चूक जाल्या जाल्यार माझ्या माथ्यार घाल, हिच्या न्हय." रामा जुन्या खाणीच्या चरात सापडला, पाय मोडलेला. अंग पुरतं गार झालेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेला असावा.

काशिनाथबाबानं व्हिडिओ विकून टाकला. पुढे कोणाचं जनावर परतलं नाही तरी तो काठी घेऊन निघायचा, "भंय दिसता, भंय दिसता" असं पुटपुटत. तुमची काय चूक, असं मी एकदा म्हटलं. "दोन वरां उजवाड आसलो गे बाय," तो म्हणाला. त्या रविवारी अजून दोन तास उजेड होता.

तो वारला तेव्हा सावित्री त्याच्या उशाशी बसून होती. हा त्याच संध्याकाळी गेला असता तर रामा वाचला असता, असं कोणीतरी बाई मागे कुजबुजली. सावित्रीनं मान वर केली आणि आमच्यावरून, माझ्यावरूनही, नजर फिरवली.

"हो सकाळीं तरी आयलो," काशिनाथबाबावर हात ठेवून ती म्हणाली. "तुमच्यांतलें कोण आयलें?"