ओडेल दक्षिणेला बघते तेव्हा

लुइझियानाच्या बारातारिया खाडीत पाय टेकायला जमीन नाही. आहे ती दलदल आणि गवत. तिथं खांबांवर उभ्या केलेल्या लाकडी माचावर ओडेल शेरामीचा संसार होता. ती जवळच्या शेनियेर गावच्या, फ्रेंच बोलणाऱ्या कोळ्यांची लेक. नवरा सेवेरो फिलिपिन्सचा, जहाजावरून पळून आलेला खलाशी. माचावर कोळंबी उकडायची, उन्हात पसरायची, आणि कडकडीत वाळली की पुरुषांनी पायांना गोणपाट बांधून, गाणी म्हणत तिच्यावर गोल गोल नाचायचं. टरफलं उडून जात, सोडे खाली राहत.

ओडेल नऊ वर्षांची असताना अख्खं शेनियेर वादळात गेलं. आई, बाप, तीन भाऊ. मधेच वारा पडला होता, आणि ‘सुटलो एकदाचे’ म्हणत माणसं घराबाहेर आली होती. वारा उलटा फिरून परत आला, आणि तीच गेली. ओडेलनं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, सेवेरोलाही नाही. पण पडल्या वाऱ्याची तिला कायमची धास्ती बसली.

१९१५च्या ऑगस्टमध्ये तिनं आरडाओरडा करून सगळा माच रिकामा करवला. वादळ टेक्ससकडं वळलं, इथं नुसता पाऊस पडला. पसरलेली कोळंबी कुजली, तिचा वास कितीतरी दिवस कपड्यांतून जाईना. मुकादम तिबुर्सियोनं तिचं नावच ठेवलं, वादळमावशी.

सप्टेंबर सरत आला तेव्हा एका सकाळी ती खरकटं टाकायला कडेला गेली, आणि तशीच उभी राहिली. खांबांवर खेकडे चढत होते. इतके, की खांब दिसत नव्हते. ओहोटीची वेळ टळून गेली तरी पाणी उतरलं नव्हतं. वाऱ्याचा मागमूस नव्हता, आणि दक्षिणेकडून लाटा मात्र येत होत्या, लांबलचक, सावकाश.

“तिबुर्सियोकाका, पाणी बघा.”

“बघितलं. ओलं आहे.” नाचणारे खो खो हसले. “काय गं मावशी, या खेपेला कुठल्या गावाला नेतेस आम्हाला?”

“हसा. पण चला.”

“मागं ऐकलं तुझं. सगळा माल कुजला. आता पुन्हा माच सोडला तर मालक मलाच उकडून वाळत घालील.”

तिनं सेवेरोला बाजूला ओढलं. “तू तरी चल रे.”

“सगळी माझ्या गावची माणसं आहेत, ओडेल. बायकोच्या मागे पळालो तर उद्या तोंड कुठं दाखवू?” मग आवाज उतरवून म्हणाला, “तू जा. लुसीला घेऊन जा. काही नाही झालं तर परत ये. हसतील चार दिवस, हसू देत.”

सहा वर्षांच्या लुसीला होडीत बसवून ती वल्हवत आत, उंच काठावर राहणाऱ्या आपल्या मावशीकडं गेली. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन. मावशीनं भाताबरोबर विचारलंच, “नवऱ्याशी भांडून आलीस होय?”

ओडेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं लेकीला घेतलं, होडी सोडली. जरा पुढं जाते तोच लुसी म्हणाली, “आई, पाणी उलटं का चाललंय?”

प्रवाह समुद्राकडून आत येत होता. पाणवेलींचे ताटवे वरच्या दिशेला धावत होते, आवाज न करता. ओडेलनं होडी वळवली. ती मावशीकडं परत पोचेपर्यंत वारा सुटला होता, आणि पुढं मावशीच्या घराचं छप्पर गेलं.

पाणी ओसरल्यावर ती माणसं घेऊन माचाकडं गेली. खांब जागच्या जागी होते. वर एक फळी नव्हती. पाच जण गवतात अडकलेल्या फुटक्या होडीत जिवंत सापडले. त्यांत तिबुर्सियो होता, सेवेरो नव्हता.

तिबुर्सियो तिच्याकडं न बघता म्हणाला, “मधे वारा पडला. म्हणाला, संपलं वाटतं, पोरीला बघून येतो. होडी घेऊन गेला.”

ओडेलनं तोंडावर हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

वर्षभरात त्याच खांबांवर नव्या फळ्या बसल्या. ओडेल परत आली. दुसरं काम येत कुठं होतं तिला? आता तिला कुणी मावशी म्हणत नव्हतं. पण सकाळी उठलं की माणसं आभाळ बघायच्या आधी तिचं तोंड बघायची. तिनं कपडे वाळत घातले की नाच सुरू व्हायचा.

एकदा तिची दाढ ठणकत होती. गाल धरून ती कडेला उभी होती, तोंड दक्षिणेला. मागचं गाणं थांबलं. वळून बघते तर सगळे पुतळ्यासारखे तिच्याकडं टक लावून.

“अरे, दाढ दुखतेय माझी!” ती ओरडली. “दाढ!”

कुणी हसलं नाही. तिबुर्सियो खाली वाकून पायाचं गोणपाट सोडू लागला. मग दुसरा. मग होड्या सुटल्या.

त्या दिवशी काही आलं नाही. पुढंही कितीतरी दिवस नाही. ओडेल मात्र तेव्हापासून दक्षिणेकडं पाठ करूनच कामाला बसायची. तेही लोकांच्या लक्षात आलं, आणि मग ते हळू आवाजात एकमेकांना विचारू लागले, ही तिकडं बघत का नाही?