लवकरच म्हणजे कधी?

लोबानाचा वास आला, की मला आखातातल्या दार्सैतची आमची खोली आठवते. त्या शुक्रवारी शेजाऱ्यांच्या लोबानाचा धूर खिडकीतून आत येत होता. माझा मालवणकडचा रूममेट, एसी मेकॅनिक, गावच्या ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, कधी होणार, हे माहितीच्या अधिकारात विचारून बसला होता. उत्तर आलं, ‘काम लवकरच सुरू होईल.’ तो भडकला. "लवकरच म्हणजे कधी? तारीख सांगूक काय जाता?" म्हणत लगेच अपील लिहायला बसला. इतक्यात त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. गुडघाभर पाण्यात उभी राहून, ओढा दाखवून झाल्यावर तिने विचारलं, "आणि तू कधी येतलंस?" "लवकरच, आये," तो म्हणाला आणि अपिलाचा कागद बाजूला सारला. आईने तारीख मागितली नाही. दोनच दिवसांपूर्वी मीही फोनवर ‘लवकरच’ म्हणालो होतो, तेव्हा माझ्या आईनेही मागितली नव्हती.