शटर ओढणारा हात

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॉटेलात कांदा चिरत होतो. सुशीलावहिनी एवढंच म्हणाल्या, "भावोजी, हे गेले." मी सुरी ठेवली आणि आधी बघितलं ते शटरकडे. वर आहे ना, म्हणून. दीड महिना झाला त्याला... का बघितलं ते सांगतो.

मी चौथीपर्यंत शिकलोय, पण कुणापुढे वाकलो नाही. कल्याणजवळच्या मोहन्यातलं हे मिसळीचं हॉटेल आम्ही दोघांनी काढलं. तर्री दत्ताची, गल्ला आणि भांडणं माझी. आमचं एक बाकडं कायम रस्त्यावर, त्यामुळे पालिकेच्या गाडीचा धाक. कोपऱ्यावरचा पानवाला "गाडीऽऽ" ओरडला की अख्ख्या ओळीची बाकडी आत, शटरं खाली. गिऱ्हाईक आत कोंडलेलं, अंधारात मिसळ खायचं. शटर ओढायचं काम माझं. मी बुटका, म्हणून दत्ताने सळईचा आकडा करून दिलेला. वर चिडवायचा, "बाळू, तुझ्याएवढा चपळ हवालदार नाही बघ कल्याणात!"

लॉकडाऊननंतर गिऱ्हाईक पहिल्यासारखं आलंच नाही. छोट्या हॉटेलांना सरकार मदत देणार, असं दत्ता ऐकून आला. मी म्हटलं, "भीक नको." तो म्हणाला, "भीक नाही रे, अर्ज आहे." रांगा त्यानेच लावल्या. चौकशीला माणूस येईल, हॉटेल चालू दिसलं पाहिजे, असं खिडकीवरच्या बाईंनी बजावलेलं. ते त्याने मला दहादा सांगितलं.

आणि एका दुपारी पानवाला ओरडला. पांढरी गाडी, सरकारी पाटी. माझा हात डोक्याला विचारायला थांबला नाही... अंधारात आम्ही दोघंच. बाहेरून शटरवर थाप पडली. "कोणी आहे का आत?"

दत्ता कानाशी कुजबुजला, "बाळू, हा चौकशीवाला असेल."

"गप! चौकशीवाला गाडी घेऊन येतो काय?"

तो शटरकडे निघाला, तर मी त्याचं मनगट धरलं. घट्ट. परत थाप.  मग पावलं लांब गेली.

शटर उघडलं तर कागद चिकटवलेला. अक्षर अक्षर लावून वाचला. व्यवसाय बंद आढळला. दत्ताने तर्री गरम करायला ठेवली. नंतर त्याने किती खेटे घातले, पण त्या कागदापुढे काही चाललं नाही. मी माफी मागितली नाही. माझ्या तोंडात तो शब्द बसत नाही. दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीत तोच म्हणाला, "त्या दिवशी तुझा हात बर्फासारखा पडलेला रे... वाटलं, तुलाच काहीतरी होतंय. म्हणून सोडवला नाही मी."

आता वहिनींनी त्यांच्या नावाने नवा अर्ज केलाय. त्यांना हॉटेलाशिवाय दुसरं काही नाही. चौकशीचा माणूस कधीही येईल. परवा पानवाला ओरडला आणि आकडा शटरला लागलासुद्धा! आता तर्रीपाशी वहिनी असतात, त्या किंचाळल्या, "भावोजी, नको!" दुधाचा टेम्पो होता. 

त्याच संध्याकाळी आकडा वहिनींच्या घरी नेऊन दिला. त्यांनी तो दत्ताच्या फोटोखाली टांगलाय. हॉटेलात आता नुसता खिळा आहे. बाहेर गाडी थांबली, की हात अजून तिकडेच जातो...