शेजारी बसलेली दोन माणसं

श्रीहरी वाघुलदे मूळचा सावद्याचा. पुण्यात रसायनशास्त्र शिकून तो डॉक्टरेटसाठी टोकियोला आला आणि पुढे इथल्याच एका संस्थेत बॅटरीच्या पदार्थांवर संशोधन करू लागला. टोकियोला लागून असलेल्या उरायासुला आमच्याच इमारतीत, आमच्या वरच्या मजल्यावर तो एकटा राहायचा. माझ्या नवऱ्याशी, विवेकशी, त्याची दोस्ती झाली आणि मी आपोआप वहिनी झाले. त्याने लग्न केलं नाही. का नाही, हे मी एकदाच विचारलं. "राहून गेलं वहिनी," म्हणाला आणि आणखी एक पोळी वाढून घेतली.

हा गृहस्थ दर रविवारी समुद्रकाठच्या थीम पार्कला जायचा. वर्षाचा पास, पाठीला पिशवी, डोक्यावर टोपी. वयाने चाळिशीला आलेला, डोक्यावर विरळ केस, आणि दुपारची पॅरेड, म्हणजे सजवलेल्या गाड्यांची आणि नाचणाऱ्यांची मिरवणूक, बघायला मांडी घालून फुटपाथवर बसणार. आमच्या मराठी मंडळात त्याची थट्टा व्हायची. तो हसून सोडून द्यायचा.

हे सगळं सुरू झालं २०११च्या मोठ्या भूकंपाच्या वर्षी. आमची ही बाजू समुद्रात भर घालून केलेली. त्या दुपारी जमीन हलली आणि मग रस्त्यांतून राखाडी चिखल वर यायला लागला. दिव्यांचे खांब कलले. नळ बंद, संडास बंद. पाण्याच्या टँकरपुढे रांगा लागायच्या. तिथे श्रीहरीच्या पुढे एक सत्तरीला टेकलेली बाई उभी असायची, हातानो-सान. सान म्हणजे नावापुढे लावायचं जपानी 'जी'. मागच्याच गल्लीत राहायच्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कोबेला. त्यांचा भरलेला कॅन श्रीहरी रोज जिना चढून वर पोचवायचा. त्या त्याला भाताचा एक गोळा देऊन परत पाठवायच्या.

पार्कही बंद होतं. एके दिवशी रांगेत हातानो-सान त्याला म्हणाल्या, "ते उघडलं की तुम्हाला घेऊन जाते, हरी-सान."

"मला कशाला? मी काय लहान आहे?"

"मी तरी कुठे लहान आहे?"

पार्क उघडलं त्या सकाळी तो त्यांच्याबरोबर गेला. फाटकाच्या आत कर्मचारी दोन्ही बाजूंना उभे राहून हात हलवत होते आणि आत येणारी मोठी मोठी माणसं रडत होती. हातानो-सानही रडल्या. कॅमेरेवाले होतेच. संध्याकाळच्या बातम्यांत त्यांचा चेहरा दिसला, खाली अक्षरं होती, पुन्हा उभं राहणारं शहर, असं काहीतरी. गल्लीतले लोक त्यांचं कौतुक करून गेले. त्या रडण्याला तेव्हा सगळ्यांनी आशा म्हटलं.

त्यानंतर दोघांचा रविवार ठरूनच गेला. पार्कातल्या पुलाच्या पुढे पॅरेडचा रस्ता जिथे वळतो, तिथे निळी प्लास्टिकची चटई अंथरून ते बसायचे. त्या आलुबुखाराचं आंबट लोणचं घातलेले भाताचे गोळे आणायच्या, हा तिखटमिठाच्या पुऱ्या न्यायचा आणि वर शेंगदाण्याची चटणी. त्या प्रत्येक वेळी "जळालं" म्हणायच्या आणि पुन्हा डब्यात बोट घालायच्या. नाचणाऱ्या मुलामुलींची नावं पार्क कधी सांगत नाही, म्हणून या दोघांनीच नावं ठेवली होती. एक होता वेलदोडा. तिसऱ्या गाडीपुढे नाचणारा लुकडा मुलगा, गुडघ्याला काहीतरी झालं म्हणून कित्येक महिने दिसेना. तो परत आला त्या दुपारी दोघंही उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि त्या मुलाने दोन्ही हात त्यांच्याकडे हलवले. ते सांगताना श्रीहरीही दोन्ही हात हलवून दाखवायचा.

"लॅबमध्ये एखादा पदार्थ चालेल की नाही हे कळायला मला वर्ष जातं वहिनी," तो म्हणायचा, "आणि बहुतेक वेळा तो चालतच नाही. इथे रोज दुपारी इतकी माणसं येतात, जीव ओतून नाचतात आणि आपल्याकडे बघून जातात. आणि ते बघायला शेजारी हातानो-सान असतात. मला यापेक्षा जास्त काय पाहिजे?"

अशी पाच-सहा वर्षं गेली.

मग एका शरद ऋतूत टीव्हीवाले आले. वाहिनीचं नाव घेत नाही. 'दर आठवड्याला पार्कला जाणारी माणसं' असा त्यांचा विषय होता. दिग्दर्शक मुलगी तरुण, वागायला अतिशय नम्र. ती लागोपाठ काही रविवार कॅमेरावाल्याला घेऊन त्यांच्या चटईशेजारी बसली, पुऱ्या खाल्ल्या, चटणीने डोळ्यांत पाणी आणलं. दोघांनाही ती फार आवडली. श्रीहरी तिच्याशी भरभरून बोलला, वेलदोड्याबद्दल, गाड्यांबद्दल, पाण्याच्या रांगेबद्दल. शेवटी तिने विचारलं, "आणि घरी गेल्यावर तुमची वाट बघणारं कोणी असतं?"

"नाही," तो म्हणाला. "खिचडी टाकतो आणि झोपतो."

कार्यक्रम लागला तेव्हा तो आमच्याकडेच बसला होता. मी थालीपीठ लावलं होतं. सुरुवातीला पार्कचं फाटक, मग पियानोचे सूर, एकेक, थांबत थांबत. मग श्रीहरी, एकटा, गर्दीतून चालताना. पाठमोरा. निवेदक म्हणाला, दूरदेशाहून आलेला हा शास्त्रज्ञ दर रविवारी इथे काय शोधतो? पुलाच्या कठड्यापाशी तो एकटा उभा. मग तोंडावर कॅमेरा, आणि एवढंच वाक्य, "खिचडी टाकतो आणि झोपतो." खिचडीचा अर्थ खाली लिहून आला होता, आजारी माणसाचं जेवण असल्यासारखा. मग जाहिरात.

जाहिरातीनंतर हातानो-सान. चटईवर एकट्या, डबा उघडून खाली मान घालून खाताना. शेजारची जागा रिकामी. नवरा गेला, मुलगा दूर, नातवंडं येत नाहीत. पियानो तोच.

"अरे, पण तू कुठे आहेस?" मी विचारलं.

"मी चहा आणायला गेलो होतो," श्रीहरी म्हणाला. त्याने ताट बाजूला ठेवलं होतं. "तिला सांगूनच गेलो होतो, वहिनी. तिलासुद्धा आणला होता चहा."

दोघांना एकत्र त्यांनी एकदाही दाखवलं नाही. स्टुडिओत बसलेल्या पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, मोठं व्हायचं राहून गेलेली माणसं. दुसरी म्हणाली, वाईट वाटतं हो. विवेकने टीव्ही बंद केला.

ती चित्रफीत कुठून कशी फिरत गेली कोण जाणे, पण आठवड्याभरात ती सावद्याला त्याच्या आईपर्यंत पोचली. भाच्याने मोबाइलवर दाखवली. त्या माउलीला जपानी कुठून येणार? तिचा फोन आला तेव्हा तो आमच्या दारातच उभा होता, आणि आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"हरी, तू असा एकटा फिरतोस का रे तिथे?"

"नाही गं आई. माझ्याबरोबर एक बाई असतात. टीव्हीवाल्यांनी ते दाखवलंच नाही."

"मला बोलणं नाही कळलं. पण मागे जे वाजत होतं ना, ते कळलं. कोणी गेल्यावर वाजवतात तसं होतं ते."

"आई, तसं काही नाही."

"बरं, नाही तर नाही," ती म्हणाली. तिचा विश्वास बसला नव्हता. त्यानंतर ती रोज फोन करायला लागली आणि जेवलास का एवढंच विचारून ठेवायला लागली.

कोबेतही तो कार्यक्रम बघितला गेला होता. हातानो-सानचा मुलगा सुतोमु तिथे एका जहाज कंपनीत होता. ऑफिसात कोणीतरी त्याला म्हणालं, त्या बाई तुमच्या आई ना? पुढच्याच शनिवारी तो उरायासुला आला. आईसमोर बसला आणि रडला. मी तुला टाकलं, म्हणाला.

"लहानपणीसुद्धा तो फारसा रडायचा नाही," हातानो-सान श्रीहरीला म्हणाल्या. "नाही कसं म्हणायचं त्याला?"

"पण तुम्हाला जायचंय का?"

"तो माझ्यासाठी खोली रिकामी करतोय," त्या एवढंच म्हणाल्या.

थंडी सुरू व्हायच्या आत त्या कोबेला गेल्या. श्रीहरीने त्यांच्या घरातलं टाकायचं जुनं सामान वर्गवारी करून खाली नेलं, खोकी बांधली, टोकियो स्टेशनला त्यांना शिन्कानसेनमध्ये, म्हणजे बुलेट ट्रेनमध्ये, बसवून दिलं. परत आला आणि आमच्याकडे न येता सरळ वर गेला.

त्यानंतरचे रविवार मला आठवतात. तो जायचा. पण लवकर परत यायचा. एकदा म्हणाला, "टीव्हीवर दाखवलं होतं ना वहिनी, तसाच दिसत असेन मी आता. तेव्हा खोटं होतं. आता मी चहा आणायला उठलो की चटईवर कोणीच नसतं. शेजारचे लोक विचारतात, इथे कोणी बसलंय का? काय सांगू?" वेलदोडाही त्या हिवाळ्यात दिसेनासा झाला. ही बातमी सांगायला जवळ कोणी नव्हतं. फोनवर हातानो-सानना कमी ऐकू यायचं, आणि मुलाच्या घरात त्या हळू बोलायच्या.

शेवटी मीच म्हटलं, "ऊठ आणि कोबेला जाऊन ये."

फेब्रुवारीत तो गेला. घर चढावरच्या इमारतीत होतं, खिडकीतून बंदर दिसणारं. सुतोमु-सान अतिशय आदराने वागला. सुनेने उत्तम जेवण केलं होतं. हातानो-सानची खोली ऊबदार, स्वच्छ, औषधं वेळच्या वेळी. त्या बारीक झाल्या होत्या. जेवण होईपर्यंत सगळे हवेबद्दल बोलले. मग हातानो-सानने विचारलं, "वेलदोडा कसा आहे?"

"दिसत नाही. पुन्हा गुडघा असेल."

"डावा?"

"डावाच असणार."

"अरे देवा. आणि ती पिवळ्या पोशाखातली मुलगी, गिरकी घेताना हसायची ती?"

"ती आहे. आता पहिल्या गाडीवर आलीय."

"खरंच?" त्यांनी टाळी वाजवली आणि मग त्या बोलायच्या थांबेचनात. श्रीहरीने डबा काढला, पुऱ्या आणि चटणी. त्यांनी बोट घातलं, "जळालं" म्हणाल्या, पुन्हा घातलं. सुतोमु-सान दोघांकडे बघत बसला होता. घरात आल्यापासून आई एवढी बोलली नव्हती, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. स्टेशनवर सोडायला आला तेव्हा त्याने विचारलं, "तो कार्यक्रम मी पुष्कळदा पाहिला. त्यात तुम्ही वेगळे होता आणि आई वेगळी. तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तिथेच," श्रीहरी म्हणाला. "शेजारी."

त्या माणसाने फलाटावर कमरेत वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

एप्रिलमध्ये सुतोमु-सान आईला घेऊन उरायासुला आला. हातानो-सानना आता चालवत नव्हतं, चाकांच्या खुर्चीतून आणलं. त्या दिवशी मीही पार्कला गेले, इतकी वर्षं उरायासुत राहून पहिल्यांदाच. श्रीहरी सकाळपासून वळणावर जागा धरून बसला होता. नेमकं त्याच दिवशी समुद्रावरून वारं सुटलं. टोप्या उडत होत्या, पताका फडफडत होत्या. दुपारी घोषणा झाली, वाऱ्यामुळे आजची पॅरेड रद्द.

सुतोमु-सानचा चेहरा पडला. "कोबेहून आणलं मी तिला," तो मला म्हणाला, जणू वारा मीच सोडला होता.

हातानो-सान मात्र शांत होत्या. "त्यांच्या डोक्यावर केवढाले पिसारे असतात. या वाऱ्यात पोरं पडतील. बरोबर केलं त्यांनी."

"मग आता काय करायचं, आई?"

"बसायचं."

आजूबाजूचे लोक उठून गेले. रस्ता रिकामा झाला, आम्ही चौघं वळणावर उरलो. सुतोमु-सानने जरा संकोचून विचारलं, "इथून काय जातं, एरवी?"

मग त्या दोघांनी त्याला सांगायला सुरुवात केली. आधी वाजंत्री ऐकू येते, त्या म्हणाल्या, पुलाच्या पलीकडून, गाडी दिसायच्या आधी. मग पिवळी मुलगी, श्रीहरी म्हणाला, इथे आली की ती गिरकी घेते, बरोब्बर या दिव्याच्या खांबापाशी. नाही, थोडी पुढे, त्या म्हणाल्या. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. बोटं रिकाम्या रस्त्यावर पुढे पुढे सरकत होती आणि सुतोमु-सान मान वळवून ती जिकडे दाखवतील तिकडे बघत होता. तिसऱ्या गाडीपाशी दोघंही जरा थांबले. "इथे तो मुलगा," हातानो-सान म्हणाल्या आणि त्यांनी हात वर करून हलवला. श्रीहरीनेही हलवला. मी दुसरीकडे बघितलं. माझे डोळे भरून आले होते.

त्यानंतर हातानो-सानना येणं जमलं नाही. प्रकृती साथ देत नाही. मुलगा आता रविवारी संध्याकाळी स्वतः फोन लावून देतो, आवाज मोठा करून, आणि श्रीहरी त्यांना आज कोण कोण आलं होतं ते सांगतो.

मागच्या महिन्यात मी त्याला विचारलं, "आता बरं वाटतं का तिथे?"

तो बुटांच्या नाड्या बांधत होता. "सकाळी निघताना छान वाटतं वहिनी. वाजंत्री वळणावर आली की नको वाटतं. पण एखाद्या रविवारी गेलो नाही, तर त्याहून नको वाटतं." मग पिशवी पाठीला अडकवून तो जिना उतरून गेला.