नंदकिशोरजी मराठी वाचू लागले

१७ नोव्हेंबर १९६१, शुक्रवार. त्या दिवशी विलास पोंक्षे याच्या नावाने पुण्याहून अठ्ठ्याण्णव रुपये पन्नास नये पैशांची मनिऑर्डर आली. कादंबरीचे शंभर ठरले होते. मनिऑर्डरचा खर्च प्रकाशकाने त्यातूनच कापून घेतला होता.

विलास तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. मूळचा साताऱ्याचा, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात कारकून, चार वर्षांपूर्वी बदली होऊन जयपुरात आलेला. चांदपोल दरवाजाच्या आत एका जुन्या घराच्या माडीवर तो आणि त्याची बायको शुभदा दोन खोल्यांत राहत. खाली घरमालक नंदकिशोरजी. कापडाचे दुकान विकून बसलेले, गुडघ्यांनी अधू झालेले, दिवसभर दारातल्या ओट्यावर. घरात त्यांच्याखेरीज एकच माणूस होते, त्यांच्या थोरल्या भावाची विधवा, पार्वतीभाभी. हा भाऊ सतरा वर्षांपूर्वी संक्रांतीला पतंग उडवताना गच्चीवरून गल्लीत पडून गेला. जयपुरात संक्रांतीला दर वर्षी कोणी ना कोणी पडतेच. त्यामुळे त्याबद्दल पुढे कोणी बोलले नाही.

विलासला कादंबरीकार व्हायचे होते, आणि त्याला लागणारा माल पार्वतीभाभींकडे होता. संध्याकाळी कचेरीतून आला की चहाचा पेला घेऊन तो अंगणातल्या पायरीवर बसे. भाभी सुपात बाजरी पाखडत आणि बोलत. त्यांनी आमेरच्या किल्ल्यातल्या एका राणीची हकिगत सांगितली, तिची त्याने ऐतिहासिक कादंबरी केली. प्रकाशकाने ती परत पाठवली. तुमचे रजपूत सरदार शनिवार पेठेतल्या मामांसारखे बोलतात, असा शेरा होता. मग भाभींनी विहिरीतल्या बाईची गोष्ट सांगितली, तिची भुताची कादंबरी झाली. भूत बरे आहे, पण ते एकदाच येते आणि त्यानंतर वाचकाला झोप लागते, असे उत्तर आले. मग त्याने प्रेमकथा लिहून पाहिली. ती शुभदानेच घराबाहेर जाऊ दिली नाही.

"यातली नायिका तुम्हाला कुठे भेटली हो?" तिने विचारले. "दोनशे पानांत एकदा पोळ्या केल्या नाहीत तिने."

स्वतःविषयी भाभी बोलत नसत. एकदाच, दौशाकडचे त्यांचे माहेर निघाले तेव्हा, त्या म्हणाल्या होत्या, "तिथे आता कोणी नाही, भैया. भिंतीसुद्धा पडल्या. सासर आहे तेवढंच."

आणि १९६०च्या संक्रांतीला तिळाचे लाडू वळता वळता त्या म्हणाल्या, "आज साऱ्या शहराची मान वर असते. पायाशी कोणी मेलं तरी दिसायचं नाही."

त्या एका वाक्यावर विलासने रहस्यकथा उभी केली. संक्रांतीचा दिवस, गच्ची, पतंग उडवणारा थोरला भाऊ, आणि दुकानाच्या लोभाने मागून येऊन त्याला ढकलणारा धाकटा. नावे तेवढी बदलली. घर तेच ठेवले, गल्ली तीच, भाभींचे वाक्यही जसेच्या तसे मराठीत घातले. कादंबरीचे नाव 'पश्चिमेचा कठडा'. हस्तलिखित रजिस्टरने पाठवायचे तेव्हा महिनाअखेर होती. भाभींनी ओढणीच्या गाठीतून दोन रुपये चाळीस नये पैसे काढून दिले. मनिऑर्डर आली त्या दिवशी तो ते परत द्यायला गेला, तर त्या म्हणाल्या, "संक्रांतीला दे. वर्षाचं देणंघेणं मी त्या दिवशी मिटवते."

घरमालकाला खुनी करताना विलासचा हात अडखळला नाही. जयपुरात मराठी कोण वाचणार? इथल्या सगळ्याच मराठी मंडळींना ती सवय लागली होती. भाजीवाल्यासमोर उभे राहून त्याच्याच वांग्यांना नावे ठेवायची, मालकासमोर मालकाचा चिक्कूपणा काढायचा आणि हसायचे. पण बोललेले कळत नसले तरी लिहिलेले वाचता येते, लिपी दोन्हींची एकच आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नसे.

लेखकाच्या सहा प्रती आल्या तेव्हा शुभदाने त्यातली एक पेढ्यांबरोबर खाली नेऊन दिली. "मराठी आहे, नुसतं चित्र बघा," ती नंदकिशोरजींना हसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विलास कचेरीतून आला तेव्हा ते ओट्यावर चष्मा लावून बसले होते. पुस्तक मांडीवर उघडे होते.

"पोंछेजी," ते म्हणाले. विलासचे आडनाव त्यांना कधी नीट म्हणता आले नाही. "हे 'कठडा' मतलब?"

"मुंडेर," विलास म्हणाला.

"अच्छा. आपल्या गच्चीला आहे तशी."

त्यानंतर रोज एक शब्द. विलास दारात आला की त्यांचे बोट पानावर टेकलेले असे. कधी 'गल्ली'सारखा सोपा शब्द असे, तो त्यांना कळत असूनही ते विचारत. पाने पुढे सरकत होती. आठवड्याने बोट ज्या शब्दावर आले तो होता 'दीर'.

"दीर म्हणजे शेजारी," विलास म्हणाला आणि जिना चढून वर गेला.

दुसऱ्या संध्याकाळी नंदकिशोरजींनी स्वतःच हाक मारली. "तुमच्या मराठी मंडळातले वसंतराव इकडून चालले होते. त्यांना विचारलं. दीर म्हणजे देवर. तुमची गडबड झाली असेल. इतकं लिहिता, एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायचाच."

त्या रात्री विलास जेवला नाही. शुभदाने कारण काढून घेतले आणि कपाळाला हात लावला. "तुम्हाला खून करायला दुसरं घर मिळालं नाही?"

"घर सोडावं लागेल," तो म्हणाला.

"सोडू. गावाबाहेर खातीपुऱ्याला मिळतात घरं. पण तिथे भाभी नाहीत. मग लिहिणार काय, कचेरीतली बिलं?"

ती चेष्टेत बोलली, पण दुखणे नेमके तेच होते. प्रकाशकाचे पत्र आलेले होते, दुसरी रहस्यकथा मार्चपर्यंत हवी होती. त्यासाठी हेच अंगण हवे होते, हेच सूप आणि हीच बाई. नंदकिशोरजी शेवटपर्यंत वाचणार नाहीत, कंटाळतील, या आशेवर त्याने डिसेंबर काढला. भाभी मात्र नेहमीप्रमाणे बोलत होत्या. ओट्यावरून त्यांच्याकडे कोणी बघत असते, हे विलासच्या हळूहळू लक्षात आले. पूर्वी त्या बोलू लागल्या की नंदकिशोरजी रस्त्याकडे तोंड करून बसत. आता ते अंगणाकडे तोंड करून बसू लागले होते.

जानेवारी लागला आणि शब्द विचारणे थांबले. पुस्तक मिटून त्यांच्या शेजारी पडलेले असे.

"संक्रांतीला गच्चीवर या, पोंछेजी," ते एवढेच म्हणाले. "मीपण येणार आहे."

सतरा वर्षांत ते गच्चीवर गेले नव्हते.

संक्रांत रविवारी होती. न जावे तर कबुली दिल्यासारखे झाले असते, म्हणून विलास दुपारी वर गेला. चारी बाजूंच्या गच्च्या माणसांनी भरल्या होत्या, 'वो काटा' असा ओरडा सतत चालू होता आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. गुडघे धरत, पायरीपायरीला थांबत नंदकिशोरजी आले. त्यांनी एक पतंग हवेवर चढवून दिला, मांज्याचा दोर विलासच्या हातात दिला, त्याला पश्चिमेच्या कठड्याकडे तोंड करून उभे केले आणि स्वतः चरखी, म्हणजे मांज्याची फिरकी, घेऊन त्याच्या मागे उभे राहिले.

"ढील द्या," ते म्हणाले. "घाबरू नका. दोर मी सोडतोय."

कठडा त्याच्या मांडीला लागत होता.

"तुमच्या पुस्तकात भाऊ गच्चीवर एकटा आहे," मागून आवाज आला. "एकटा माणूस पतंग कसा उडवेल? चरखी कोण धरणार? तुमच्याकडे पतंगाचं एवढं नाही, म्हणून तुम्हाला माहीत नाही. मागे कोणीतरी लागतंच."

विलासने मागे सरकायला पाहिले, तर पाठीला चरखी लागली.

"मला खुनी केलंत त्याचा राग नाही. गोष्टीत कोणीतरी लागतो. त्या दिवशी मी दुकानात होतो, साऱ्या बाजाराने पाहिलंय. पण ते मान वर असण्याचं वाक्य. ते या घरात एकच माणूस बोलतं. दर संक्रांतीला बोलतं. मी ऐकत आलो, पण छापलेलं वाचलं तेव्हा पहिल्यांदा कळलं." त्यांनी चरखीवरून आणखी दोर सोडला. "चरखी तिच्या हातात होती, पोंछेजी. सगळ्या गल्लीला माहीत होतं. कोणी धरलंच नाही ते हिशेबात."

दोर एकदम सैल पडला. शेजारच्या गच्चीवर आरोळी उठली. विलासचा पतंग कटला होता.

तो खाली आला तेव्हा अंगणात भाभी ताटल्यांत तिकडची संक्रांतीची मिठाई, फिणी, वाढत होत्या. त्याच्याकडे न बघता त्यांनी विचारले, "तुझ्या गोष्टीत कोणी ढकललं, भैया? मला वाचता येत नाही."

"दिराने."

"आणि चरखी?"

"ती लिहायची राहिली."

भाभींनी फिणीवर साखर भुरभुरवली. "तेच बरं होतं," त्या म्हणाल्या, आणि ताटली त्याच्या हातात दिली.

खिशात सुटे पैसे मोजून ठेवलेले होते. ते काढायचे त्याला सुचले नाही.

गुरुवारी तो कचेरीतून आला तेव्हा अंगण झाडलेले होते आणि सूप भिंतीला पालथे टेकवलेले होते. नंदकिशोरजी ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले होते.

"भाभीजी?"

"माहेरी गेल्या."

पडलेल्या भिंती विलासला आठवल्या. तो जिना चढून वर गेला.

फेब्रुवारीत विलास आणि शुभदा खातीपुऱ्याला राहायला गेले. घर बैठे होते, त्याला माडी नव्हती. प्रकाशकाला दुसरी रहस्यकथा मिळाली नाही. पुढे विलासने मुलांसाठी प्राण्यांच्या गोष्टी लिहिल्या, त्या बऱ्या खपल्या. त्यात माणसे नव्हती. १९६४ साली खात्याच्या तपासणीसाठी तो दौशाला गेला, तेव्हा त्याने तिथे दोन दुकानांत चौकशी केली. पार्वती नावाची कोणी परत आल्याचे कोणाला ठाऊक नव्हते.

तिचे दोन रुपये चाळीस नये पैसे द्यायचे राहिले आहेत.