गुंडी आणि सुईचं टोक

माझी ताई लहान मुलांचे कपडे शिवते. घरीच, खिडकीपाशी ठेवलेल्या शिलाई मशीनवर. दुकानातून कापलेले तुकडे गठ्ठ्याने येतात आणि फ्रॉक, टोप्या, इवल्याशा चड्ड्या होऊन परत जातात. तिच्या कामात खोट काढायला माझ्यासारखी खडूस बहीणही कमी पडते. कपडा उलटा करून पाहा, आतली शिवण बाहेरच्याइतकीच नीट असते.

सुई मोडली की मात्र ताई वेगळीच बाई होते. ज्या कपड्यात बाळाचं अंग जायचं, त्यात सुईचा तुकडा राहिला तर? या एका विचाराने तिला घेरलेलं असतं. मोडलेल्या सुईचे दोन्ही तुकडे हातात येईपर्यंत ती पुढचा टाका घालत नाही. तुकडे एकमेकांना लावून बघते, सुई पूर्ण जुळली की मगच डबीत टाकते. एकदा टोक सापडेना म्हणून तिने शिवून झालेला फ्रॉक अख्खा उसवला होता. मी तिला वेडी म्हटलं. तिने मानही वर केली नाही.

तिची मुलगी या मशीनच्या पायाशीच वाढली. आम्ही तिला गुंडी म्हणतो, कारण ती गोल आहे आणि कुठेही जाऊन अडकते. ती रांगली चिंध्यांतून, उभी राहिली मशीनचा पाय धरून. एक दिवस रीळ घरंगळलं, ती त्याच्यामागे उठून चालायला लागली, आणि आपण चालतोय हे लक्षात येताच घाबरून मटकन खाली बसली.

बोलण्याचं घोडं मात्र अडलं होतं. तिच्या बरोबरीची मुलं 'आई ये', 'बॉल दे' म्हणायला लागली, तरी गुंडी एकेका शब्दावर संसार चालवत होती. त्यातही सगळ्यात लाडका शब्द 'मम'. भात मम, दूध मम, पाणी मम. कुंडीत पाणी घातलं की तेही मम. सकाळी ताई मशीनच्या भोकांत तेलाचे थेंब सोडायची, तेव्हाही गुंडी शेजारी उभी राहून गंभीरपणे 'मम' म्हणायची आणि ताई म्हणायची, हो गं, मशीनलाही भूक लागते.

लस टोचायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, दोन शब्द जोडून बोलते का? ताईने नाही म्हटलं आणि घरी येऊन दिवसभर गुंडीपुढे 'आई ये, आई ये' करत बसली. त्यात तिच्या सासूबाई. या खडखडाटात पोरीच्या कानावर माणसाचा आवाज पडतोच कुठे, विकून टाक ते धूड, हे त्यांचं रोजचं पालुपद. ताई ऐकून घ्यायची. मी ऐकून घेतलं नसतं. म्हणूनच मी वरच्या खोलीत एकटी राहते, असं सासूबाईंचं म्हणणं आहे. ते जाऊ दे.

त्या दिवशी सकाळी जाड शिवणीवर सुई कडकन मोडली. भाऊजी ट्रक घेऊन लांब गेले होते. मी कामावर जायला निघाले होते आणि ताईकडे विसरलेली स्कूटरची किल्ली शोधत होते. ताईने मोडलेलं टोक हुडकून मशीनच्या बैठकीवर, म्हणजे सुईखालच्या त्या सपाट भागावर ठेवलं. वरचा तुकडा अजून सुई बसवायच्या दांड्यातच अडकलेला होता. तो काढणार इतक्यात स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. दुकानातून होता, माल कधी देतेस म्हणून. ती तिकडे गेली. गुंडी खाली चिंध्यांत बसली होती आणि तिला स्टुलावर चढता येत नव्हतं. निदान त्या सकाळपर्यंत तरी येत नव्हतं.

ताई परत आली तेव्हा गुंडी स्टुलावर गुडघे टेकून बसली होती. बोट तोंडात. बैठकीवर टोक नव्हतं.

ताई ओरडली नाही. तिने गुंडीला अलगद उचललं, बोट बाजूला केलं, तोंड उघडून पाहिलं. खालच्या ओठाला रक्त लागलं होतं.

"गुंडे, इथलं चमचम कुठंय?"

"मम," गुंडी म्हणाली. वर हसली.

ताईकडे सांडलेल्या सुया उचलायला लोहचुंबक असतो, तो घेऊन मी जमीन पालथी घातली. स्टुलाखाली, चिंध्यांत, गुंडीच्या कपड्यांवरूनही फिरवला. टाचण्या निघाल्या, एक जुना हूक निघाला, टोक निघालं नाही. सासूबाई धावत केळं घेऊन आल्या. केळ्यात गुंडाळून खाली जाईल, भरव लवकर, म्हणून त्यांनी सालही काढली.

"काही भरवायचं नाही," ताई म्हणाली. "पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

सासूबाईंशी ती या आवाजात कधी बोलली नव्हती. त्या सोललेलं केळं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

मी स्कूटर काढली. मागे ताई, मध्ये गुंडी. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी जीव मुठीत धरत होते, कारण ते टोक कुठल्या कोपऱ्यात तिरपं उभं असेल हे कोण सांगणार. गुंडीला वाटत होतं आपण भुर्र निघालोय. ती मोठमोठ्याने 'भुर्र, भुर्र' करत होती. मला तिचा राग आला, आणि लगेच त्या रागाचा राग आला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी घसा पाहिला, पोट दाबून पाहिलं. घशात काही दिसत नाही म्हणाले, पण टोकदार वस्तू आहे, आतड्याला टोचली तर ऑपरेशन करावं लागेल. आधी एक्स-रे काढू, म्हणजे कुठे आहे ते कळेल. तोपर्यंत पोटात काही जाऊ द्यायचं नाही. ऑपरेशन हा शब्द ऐकल्यावर ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

आम्ही एक्स-रेच्या खोलीबाहेर थांबलो. आमच्या आधी हात मोडलेला एक म्हातारा आत गेला होता आणि त्याचं काही केल्या आटपत नव्हतं. गुंडीला तहान लागली. आधी ती कुरकुरली, मग रडायला लागली. समोर पाण्याचं पिंप होतं. ती त्याच्याकडे बोट दाखवून 'मम, मम' करत होती, आणि त्या प्रत्येक 'मम'ला ताई डोळे मिटून घेत होती. मी गुंडीला घेऊन फेऱ्या मारते म्हटलं, पण ताई तिला सोडेना. खूप वेळाने एवढंच म्हणाली की आईंचं खरं होतं, मशीन कधीच विकायला हवं होतं. एरवी मी सासूबाईंवर तोंडसुख घेतलं असतं. तेव्हा मी उठून दार उघडतंय का ते बघून आले.

शेवटी दार उघडलं. आतल्या माणसाने गुंडीकडे पाहून लाडाने म्हटलं, चला, आता या मशीनखाली झोपायचं आणि फोटो काढायचा.

मशीन म्हटल्याबरोबर गुंडी रडायची थांबली. तिने वर पाहिलं. केवढं थोरलं धूड होतं ते, आमच्या मशीनच्या किती पट. तिने ते नीट न्याहाळलं, नाक ओढलं आणि आईकडे वळली.

"मशी मम," ती म्हणाली.

ताई जागच्या जागी थांबली. "काय म्हणालीस?"

गुंडीने अंगठा आणि बोट चिमटीत धरलं, हवेतच काहीतरी खाली सोडलं, रोज सकाळी ताई तेलाचा थेंब सोडते अगदी तसं, आणि मंद माणसाला समजावावं तसं सावकाश पुन्हा सांगितलं.

"मशी. मम."

ताईने ती चिमूट धरली आणि उजेडाकडे वळवली. बोटाच्या पेरावर एक बारीक लाल ठिपका होता. रक्त तोंडातलं नव्हतं. बोटाला टोचलं म्हणून तिने बोट चोखलं होतं.

मी सासूबाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू करून ताईपुढे धरला. मशीनचं डोकं मागे कलंडवा, तिने सांगितलं. सासूबाईंनी त्या मशीनला आजवर हात लावला नव्हता. कसं कलंडवायचं, पट्टा निसटेल का, माझ्या पायावर पडलं तर, असं सगळं त्यांनी विचारून घेतलं. मग काहीतरी घासल्याचा, धडपडल्याचा आवाज आला.

"तेलाच्या भोकाखाली गळणारं तेल टिपायला फडकं आहे बघा, आई. त्यात चाचपा. बेतानं, टोचेल."

मग काहीच ऐकू येईना. एक्स-रेचा माणूसही दारात थांबला होता. गुंडी माझ्या ओढणीला नाक पुसत होती.

"आहे," पलीकडून आवाज आला. "आहे गं, टोक आहे."

मी तिथेच देवाचे आभार मानायला लागले. ताई नाही. तिचा चेहरा अजून तसाच होता.

"दांड्यात वरचा तुकडा आहे. त्याला लावून बघा. जुळतंय?"

पलीकडे मशीन पुन्हा सरळ केल्याचा आवाज आला.

"जुळतंय," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांना हुंदका फुटला. "पूर्ण जुळतंय, पोरी."

तेव्हा कुठे ताई भिंतीला टेकून खाली बसली आणि गुंडीला छातीशी घेऊन रडली. डॉक्टरांनी तरीही खात्रीसाठी एक्स-रे काढला. पोट स्वच्छ होतं. मग गुंडी घटाघटा पाणी प्यायली आणि उरलेलं तिने माझ्या अंगावर सांडलं.

घरी आलो तर सासूबाईंचे हात कोपरापर्यंत तेलाने काळे. धुवायचं सुचलंच नव्हतं त्यांना. पांढऱ्या रुमालावर सुईचं टोक ठेवून त्या राखण केल्यासारख्या बसल्या होत्या. आपली नात पहिल्यांदा दोन शब्द जोडून बोलली हे मी त्यांना सांगितलं. कुठले, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तोंड वाकडं केलं, आजी तर नाहीच त्यात, म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसले. पदरही काळा झाला.

ताई मशीनजवळ गेली नाही. दुकानाचा फोन वाजत होता, तोही तिने उचलला नाही. चहा झाल्यावर हळूच म्हणाली, "आई, गिऱ्हाईक बघा. मशीन विकून टाकू."

इतके दिवस जे ऐकायला आसुसल्या होत्या, ते ऐकूनही सासूबाईंचं लक्ष दुसरीकडेच होतं. त्या खिडकीकडे बघत होत्या. गुंडी स्टुलाला धरून उभी होती. हातातल्या बिस्किटाचा अर्धा तुकडा तिने स्वतः खाल्ला होता, आणि उरलेला ती टाचा उंचावून मशीनच्या बैठकीवर ढकलत होती.

"विकलंस," सासूबाई म्हणाल्या, "तर ही भरवणार कुणाला?"